कॉम्प्रेसर बदलण्यापूर्वी कंडेन्सरचा पंखा पाहा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. जालन्यात वापरात असलेल्या आपल्या आठ वर्षे जुन्या पेट्रोल हॅचबॅकचा एसी हमरस्त्यावर चांगला चालतो, पण गावातल्या रहदारीत किंवा रेल्वे फाटकावर गाडी उभी राहिली की पाच-सात मिनिटांत जाळीतून कोमट हवा येऊ लागते. मार्चमध्ये गॅस भरून घेतल्यावर थोडा फरक पडला. मे महिन्यात पुन्हा भरला तेव्हा मात्र थंडावा उलट कमी झाला. आता गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर गेल्याचे सांगून तो बदलण्याचा सल्ला दिला आहे, आणि तो मानावा का, असे आपण विचारले आहे.

माझे मत असे की आत्ताच बदलू नये. गेली २६ वर्षे मी केवळ वाहनांच्या एसीचे काम करतो आहे आणि आपण दिलेल्या माहितीतील दोन गोष्टींकडे माझे लक्ष लगेच गेले. पहिली म्हणजे गाडी धावू लागताच थंडावा परत येतो, आणि दुसरी म्हणजे गॅस वाढवल्यावर थंडावा घटला. या दोन्ही खुणा एकत्र आल्या की माझा पहिला संशय कंडेन्सरवरून जाणाऱ्या हवेवर आणि दुसरा संशय प्रमाणाबाहेर भरलेल्या गॅसवर जातो. कॉम्प्रेसरचा क्रमांक तिसरा लागतो, आणि तो खरोखर दोषी आहे की नाही हे दाब मोजणारे गेज लावून दहा मिनिटांत कळू शकते.

हे नीट समजावे म्हणून आतले काम थोडे सांगतो. एसीला केबिनमधील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकायची असते. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये गॅस कमी दाबावर उकळतो आणि उकळताना उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर त्याच गॅसचा दाब वाढवून त्याला बॉनेटखाली, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये ढकलतो. तिथे तो बाहेरच्या हवेला उष्णता देऊन पुन्हा द्रव होतो आणि दाब उतरवणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून कॉइलकडे परततो. आपल्या गाडीच्या वयाच्या बहुतेक गाड्यांमध्ये आर-१३४ए हा गॅस असतो. कमी दाबाच्या निळ्या गेजवर ३० पीएसआय (दाबाचे एकक) दाब असताना तो १ ते २ अंश सेल्सिअसला उकळतो, ४० पीएसआयला सुमारे ७ अंशांना, आणि ६० पीएसआयला १६ ते १७ अंशांना. म्हणजे कमी दाबाच्या बाजूचा आकडा चढला की कॉइलच गरम राहते आणि ब्लोअर कितीही जोरात फिरवला तरी थंड हवा मिळत नाही. उलट बाजूला, जास्त दाबाच्या लाल गेजवर २०० पीएसआय असताना गॅस साधारण ५५ अंशांना द्रव होतो आणि २५० पीएसआयला ६३ अंशांच्या आसपास.

आता मे महिन्यातील जालना डोळ्यांसमोर आणावे. सावलीत ४२ अंश, डांबरी रस्त्यावरून वर येणारी धग वेगळी. कंडेन्सर ५५ ते ६० अंशांवर आणि त्याला थंड करणारी हवा ४५ अंशांवर, अशी ती परिस्थिती असते. तापमानातील फरक इतका थोडा असेल तेव्हा उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे भरपूर हवा. गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने धावते तेव्हा ही हवा वाऱ्याने आपोआप मिळते. फाटकावर उभ्या गाडीत ती पूर्णपणे पंख्याने ओढावी लागते. पंखा फिरत नसेल, मंद फिरत असेल किंवा हवेची वाटच बुजलेली असेल, तर लाल गेजवरील दाब ३०० आणि ३५० च्या पुढे चढत जातो, त्यापाठोपाठ निळ्या गेजवरील दाबही वाढतो आणि कोमट हवा येऊ लागते. दाब सुमारे ४५० पीएसआयपर्यंत गेला तर प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. हा स्विच सुरक्षेसाठी आहे. तो जोडतार टाकून डावलण्याची सूचना कोणी केली, तर कृपया मान्य करू नये.

अडचण अशी आहे की झिजलेला कॉम्प्रेसरही उभ्या गाडीत हीच लक्षणे दाखवतो, कारण इंजिन मिनिटाला ७००-८०० फेऱ्यांवर असताना तो पुरेसा दाब निर्माण करू शकत नाही आणि फेऱ्या वाढल्या की कसेबसे भागवून नेतो. गॅस कमी असला तरीही उभ्या गाडीत त्रास आधी जाणवतो. त्यामुळे केवळ लक्षण ऐकून निदान करणे धोक्याचे असते, आणि आपल्या बाबतीत तसेच घडले असावे.

घरी करता येण्यासारख्या तीन चाचण्या सांगतो. त्यांना एक साधा थर्मामीटर, एक वर्तमानपत्र आणि अर्धी बादली पाणी पुरते. पहिली चाचणी पंख्याची. सकाळी इंजिन थंड असताना गाडी सुरू करावी, एसी लावावा आणि बॉनेट उघडून पाहावे. कॉम्प्रेसरला त्याच्या पुलीशी जोडणाऱ्या मॅग्नेटचा 'टक' असा आवाज आल्यावर मिनिटाभरात कंडेन्सरचा पंखा फिरू लागला पाहिजे; काही गाड्यांमध्ये दाब थोडा चढल्यावर तो सुरू होतो, पण इंजिन पूर्ण तापेपर्यंत त्याने वाट पाहता कामा नये. इंजिन तापल्यावरच पंखा फिरत असेल, तर एसीकडून पंख्याला मिळणारा आदेश कुठेतरी तुटलेला आहे, म्हणजे रिले (पंख्याला वीज जोडणारा स्विच), वायर किंवा प्रेशर स्विच यांपैकी काहीतरी पाहावे लागेल. पंखा कोणत्याही क्षणी सुरू होऊ शकतो, म्हणून हात, ओढणी, बाहीचे टोक त्याच्यापासून दूर ठेवावे.

पंखा फिरताना दिसला म्हणून समाधान मानू नये. वर्तमानपत्राचे एक पान गाडीच्या पुढच्या जाळीजवळ धरावे. ते जाळीला चिकटून राहिले पाहिजे. ते निसटून पडत असेल, तर हवा अपुरी ओढली जाते आहे. मोटरचे कार्बन ब्रश झिजले की पंखा डोळ्यांना व्यवस्थित फिरताना दिसतो, पण त्यात जोर नसतो. पान बाहेरच्या बाजूला ढकलले जात असेल, तर मोटर बदलताना तिच्या दोन वायरी उलट जोडल्या गेल्या आहेत. असा उलटा फिरणारा पंखा मी अनेकदा पाहिला आहे, आणि तो न फिरणाऱ्या पंख्याहूनही वाईट असतो, कारण चालत्या गाडीत समोरून येणाऱ्या वाऱ्यालाही तो विरोध करतो. अपघातानंतरच्या दुरुस्तीत पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे आवरण बसवायचे राहून गेले असेल, तरी इंजिनाकडची तापलेली हवा वळून पुन्हा पुढे येते आणि हाच त्रास होतो.

दुसरी चाचणी पाण्याची. गाडी उभी ठेवून, एसी रीसर्क्युलेशनवर (आतलीच हवा फिरवण्यावर) आणि ब्लोअर मध्यम वेगावर लावावा, डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत थर्मामीटर खोचून कोमट हवा येईपर्यंत थांबावे, आणि मग पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर तांब्याने हळूहळू पाणी ओतावे. दोन-तीन मिनिटांत तापमान सहा-सात अंशांनी खाली आले, तर कॉम्प्रेसर काम करतो आहे आणि उणीव हवेची आहे किंवा गॅस जास्त आहे, असे मी जवळजवळ खात्रीने म्हणेन. पाणी ओतूनही काहीच फरक पडला नाही, तर संशय कॉम्प्रेसर, कमी गॅस किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह यांच्याकडे वळतो.

तिसरी चाचणी फेऱ्यांची. पाणी न ओतता, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिनाच्या फेऱ्या दोन हजारांवर मिनिटभर धराव्यात. उभ्या गाडीतच हवा झपाट्याने थंड होऊ लागली, तर कॉम्प्रेसर झिजल्याची किंवा गॅस कमी असल्याची शक्यता वाढते. फेऱ्या वाढवूनही हवा कोमटच राहिली किंवा आणखी गरम झाली आणि गाडी रस्त्यावर धावू लागल्यावरच थंडावा आला, तर फरक वाऱ्याने पडला हे उघड आहे.

कंडेन्सर समोरून स्वच्छ दिसतो म्हणून तो स्वच्छ आहे असे समजू नये, हे मी एका टॅक्सीवर शिकलो. ती गाडी कापसाच्या हंगामात रोज जालना आणि छत्रपती संभाजीनगरच्या दरम्यान धावत असे. मालकाने दुसरीकडे आधीच कॉम्प्रेसर बदलून घेतला होता आणि तक्रार तशीच होती. मी स्वतः पुढून पाहून कंडेन्सर ठीक असल्याचे ठरवले आणि अर्धा दिवस वायरिंगमध्ये घालवला. शेवटी रेडिएटरचे बोल्ट सैल करून तो मागे झुकवला, तेव्हा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत कापसाचे तंतू, धूळ आणि किडे यांचा नमद्यासारखा थर साचलेला दिसला. टेम्पोंतून उघडा कापूस वाहिला जातो, त्याचे तंतू रस्त्यावर उडतात, कंडेन्सरच्या पात्यांमधून आत शिरतात आणि मागे रेडिएटरवर जाऊन बसतात. तो थर काढल्यावर लाल गेजवरचा दाब १०० पीएसआयने उतरला. मालकाचे कॉम्प्रेसरवर खर्च झालेले पैसे मात्र परत येणार नव्हते, आणि त्याची हळहळ मला आजही वाटते. आपली गाडी त्याच भागात चालते, म्हणून ही फट उघडून पाहावी असा माझा आग्रह आहे. धुताना इंजिन थंड असावे, पाणी साध्या नळीने आणि शक्यतो मागून पुढे मारावे. जोरदार दाबाच्या पंपाने ॲल्युमिनियमची नाजूक पाती आडवी होतात आणि हवेची वाट कायमची बुजते.

आता गॅसविषयी, कारण सर्वाधिक पैसा आणि सर्वाधिक गैरसमज इथेच आहेत. एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. रबरी नळ्या आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्टचे सील यांतून वर्षानुवर्षे थोडा झिरपतो हे खरे, पण दोन महिन्यांत पुन्हा भरावा लागला तर गळती आहे किंवा तो भरण्याची गरजच नव्हती. आपल्या बाबतीत दुसरी शक्यता मला अधिक वाटते. लहान हॅचबॅकमध्ये साधारण ३५० ते ४५० ग्रॅम गॅस लागतो आणि नेमका आकडा बॉनेटखालील स्टिकरवर छापलेला असतो. गॅस आणि नळ्यांमधली हवा पूर्ण काढून, व्हॅक्यूम करून, वजनकाट्यावर मोजून तेवढाच भरणे ही एकमेव बिनचूक पद्धत आहे. त्याऐवजी आत किती शिल्लक आहे हे न पाहता वरून आणखी भरला, तर पन्नास-शंभर ग्रॅम सहज जास्त जातात. तो जादा द्रव कंडेन्सरची जागा अडवतो, उष्णता टाकायला उरलेला भाग लहान होतो, आणि दोन्ही बाजूंचा दाब चढतो. मेमध्ये गॅस भरल्यावर थंडावा कमी झाला, याचा अर्थ मी असाच लावतो.

गाडी बंद असताना गेज लावून '१०० च्या वर दाब आहे, म्हणजे गॅस पुरेसा आहे' असे सांगितले जाते, तेही चुकीचे आहे. घरच्या स्वयंपाकाच्या सिलिंडरचे उदाहरण घ्यावे. त्यात तळाशी थोडा द्रव शिल्लक असेपर्यंत शेगडी पहिल्या दिवसासारखीच जळते, म्हणूनच किती उरला हे पाहायला आपण सिलिंडर उचलून पाहतो. आर-१३४एचेही तसेच आहे. ३५ अंशांना त्याचा स्थिर दाब ११४ पीएसआयच्या आसपास असतो, मग आत २०० ग्रॅम असो की ५०० ग्रॅम. बंद गाडीतील दाबावरून इतकेच कळते की यंत्रणा अगदी रिकामी झालेली नाही.

खरी माहिती चालू गाडीतील दोन्ही गेज एकत्र वाचल्यावर मिळते. बाहेर ३५ अंश असताना उभ्या गाडीत निळ्यावर ३० ते ४० आणि लालवर २०० ते २५० पीएसआय हे साधारण निरोगी आकडे आहेत. ४० अंशांच्या वर दोन्ही आकडे काहीसे चढलेले चालतात. दोन्ही आकडे कमी असतील तर गॅस कमी. दोन्ही बरेच जास्त असतील तर कंडेन्सरला हवा कमी, गॅस जास्त किंवा नळ्यांमध्ये हवा शिरलेली. निळा जवळजवळ शून्याकडे किंवा त्याखाली ओढला जात असेल तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी किंवा ड्रायरमध्ये (गॅसमधला ओलावा शोषणाऱ्या डब्यात) अडथळा. आणि निळा जास्त पण लाल कमी, दोन्ही काटे एकमेकांकडे सरकलेले, फेऱ्या वाढवल्यावरही अंतर फारसे न वाढणारे, असे दिसले तरच कॉम्प्रेसर झिजला आहे असे म्हणता येते. आपल्या गाडीवर हे दोन आकडे कोणी वाचून दाखवले का, हे आपण लिहिलेले नाही. ते आकडे, तेव्हाचे बाहेरचे तापमान आणि इंजिनाच्या फेऱ्या, हे सर्व कागदावर लिहून मागावे. ज्याने खरोखर मोजले आहे त्याला ते देण्यात काहीच अडचण नसते.

तपासणीत गॅस कमी निघाला, तर गळती शोधल्याशिवाय तो पुन्हा भरू देऊ नये. गॅसबरोबर तेलही बाहेर पडते, म्हणून नळ्यांचे जोड, कंडेन्सरचे कोपरे आणि कॉम्प्रेसरचा पुढचा भाग येथे तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो का ते आधी पाहावे. गॅस भरण्याच्या पिनाही पुष्कळदा गळतात, आणि त्यांवरची झाकणे हरवलेली असतात. नुसते व्हॅक्यूम धरून ठेवल्याने सर्व गळत्या सापडत नाहीत, कारण व्हॅक्यूममध्ये फरक जेमतेम १५ पीएसआयचा असतो आणि चालू यंत्रणेत दाब दोनशेच्या पुढे असतो. कोरडा नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने जोड तपासणे अधिक भरवशाचे आहे. कूलिंग कॉइलची गळती डोळ्यांना दिसत नाही. तिच्यासाठी इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर ब्लोअरच्या बाजूने किंवा पाणी बाहेर जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी धरावा लागतो. डॅशबोर्ड उतरवण्याचा निर्णय या चाचणीनंतरच घ्यावा. गळती आपोआप बंद करणारी औषधे मी कधीच वापरत नाही, कारण ती व्हॉल्व्हमध्ये आणि गॅस काढण्याच्या यंत्रात गोठून बसतात.

डब्यावर गॅसचे नाव, निर्माता आणि वजन स्पष्ट नसेल तर तो गाडीत घेऊ नये. स्वस्त म्हणून कधी कधी ज्वलनशील हायड्रोकार्बन मिसळलेला गॅस विकला जातो. कॉइल फुटल्यास तो थेट केबिनमध्ये, आपल्या कुटुंबाच्या श्वासात येतो आणि एका ठिणगीने पेट घेऊ शकतो. आतला गॅस काढायचा असेल तेव्हा तो यंत्राने ओढून घ्यावा, हवेत सोडू नये. आर-१३४ए वातावरण तापवण्याच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक प्रभावी आहे.

विजेच्या बाजूची एकच शंका आपल्या लक्षणाशी जुळते. मॅग्नेटची चकती आणि पुली यांच्यातील फट साधारण अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून थोडी कमी असावी. ती झिजून वाढली की थंड असताना मॅग्नेट चकती ओढून घेतो, पण बॉनेटखाली उष्णता वाढल्यावर त्याची ताकद घटते आणि चकती सुटते. कोमट हवा येऊ लागताच कॉम्प्रेसरकडे पाहावे: पुली फिरते आहे पण तिच्या पुढची चकती थांबली आहे, असे दिसले तर फट आणि मॅग्नेटपर्यंत पोहोचणारे व्होल्टेज मोजून घ्यावे. चकतीमागची पातळ चकती (शिम) काढून फट जुळवता येते, त्यासाठी अख्खा कॉम्प्रेसर लागत नाही. मात्र प्रेशर स्विचनेही चकती सुटते, म्हणून त्या क्षणीचा लाल गेजवरचा दाब पाहूनच ठरवावे. केबिन फिल्टर तुंबणे किंवा गरम-थंड हवा मिसळणारी झडप अर्धवट अडकणे हे दोष गाडी उभी असो वा चालती, सारखेच जाणवतात, त्यामुळे ते आपल्याला लागू पडत नाहीत. तरीही फिल्टर १०,००० किलोमीटरच्या आसपास बदलावा, मराठवाड्याच्या धुळीत त्याहून आधी.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी पंखा आणि कंडेन्सर-रेडिएटरमधली फट, त्यानंतर आतला गॅस पूर्ण काढून त्याचे वजन. निघालेल्या गॅसचे वजन स्टिकरवरील आकड्यापेक्षा जास्त भरले, तर मे महिन्यात काय झाले याचा उलगडा तिथेच होईल. मग किमान अर्धा तास व्हॅक्यूम, आणि स्टिकरइतकाच गॅस. उन्हाच्या दिवसांत एवढ्या कामाने आपली तक्रार मिटण्याची शक्यता मला मोठी वाटते.

हे सर्व करूनही उभ्या गाडीत निळा जास्त आणि लाल कमी राहिला, तर कॉम्प्रेसर बदलणे योग्य ठरेल. त्या वेळी जुना कॉम्प्रेसर उतरवल्यावर त्यातील तेल पांढऱ्या कागदावर ओतून पाहावे. तेल काळे किंवा धातूच्या चकाकत्या कणांचे असेल, तर ते कण सगळीकडे पसरलेले आहेत असे धरून ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह सोबतच बदलावे, नळ्या धुवून घ्याव्या, आणि बारीक वाहिन्यांचा कंडेन्सर धुऊन पूर्ण साफ होत नसल्यामुळे तोही नवा घ्यावा; अन्यथा नवा कॉम्प्रेसर काही महिन्यांतच त्याच वाटेने जातो. तेल स्वच्छ असेल तर ड्रायर आणि ओ-रिंग बदलणे पुरते. तेल कोणत्या प्रकारचे व किती मिलिलिटर घातले आणि गॅस किती ग्रॅम भरला, हे दोन्ही आकडे बिलावर लिहून घ्यावेत, कारण पुढे कधी ही यंत्रणा उघडली तर सर्वांत आधी त्यांचीच गरज पडते.